हद्दीचा दगड आकाशात

गेल्या अंकात रोव्हरने, म्हणजे उपग्रहांवरून जागा ठरवणाऱ्या हातातल्या यंत्राने, होणाऱ्या जमीनमोजणीबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की तुमच्या बांधाचा पुरावा शोधत मागे मागे गेलं तर शेवटी अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेझारपाशी जाऊन थांबावं लागतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना ती अतिशयोक्ती वाटली. एकांनी तर ‘निवृत्तीनंतर माणूस असंच लिहायला लागतो’ असा शेरा मारलाय. तेव्हा या वेळचं सदर त्या एका वाक्याच्या खुलाशासाठी. नव्या वाचकांना माहिती असावी म्हणून सांगतो, मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. साखळी आणि प्लेन टेबलपासून टोटल स्टेशनपर्यंत (कोन आणि अंतर एकदम मोजणारी दुर्बीण) सगळं हाताळून बाहेर पडलो. आकाशाकडे बघतो तेही मोजणीदाराच्याच नजरेनं.

प्रश्न : आमच्या गटाची ‘हद्द कायम’ मोजणी रोव्हरने झाली. मोजणीला आलेले साहेब म्हणाले, हे सगळं सॅटेलाइटवरून येतं. मग तुमचा क्वेझार मध्येच कुठून आला? आणि तो असतो तरी काय? (एक शेतकरी वाचक, माण)

साहेब म्हणाले ते खरंच आहे, फक्त अर्धं. रोव्हर वरच्या उपग्रहांपासूनची अंतरं मोजतो आणि जवळच्या कॉर्स स्थानकाकडून, म्हणजे एका जागी कायम बसवलेल्या उपग्रह-ग्राहकाकडून, दुरुस्ती घेतो. म्हणजे तुमच्या गटाचा कोपरा कुठे, हे उपग्रह कुठे आहे त्यावर ठरलं. उपग्रह कुठे आहे हे कशावरून? जमिनीवरची स्थानकं त्याच्यावर पाळत ठेवून असतात म्हणून. आणि ती स्थानकं? ती पृथ्वीबरोबर फिरताहेत. इथं गाडं अडतं.

पृथ्वी दिवसाला एक फेरी मारते हे शाळेपुरतं ठीक. वारे, समुद्र, पोटातला वितळलेला गाभा यांच्याशी तिची सतत देवाणघेवाण चालते, त्यामुळे दिवस कधी मिलिसेकंदभर लांबतो, कधी आखडतो. पुण्याच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे 440 मीटर या वेगानं पूर्वेकडे धावते. पृथ्वी आपल्या वेळापत्रकापेक्षा एक मिलिसेकंद पुढे गेली, तर पुणे 44 सेंटिमीटर पुढे गेलं. एवढ्या जागेवरून आपल्याकडे भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

पृथ्वी किती वळली हे उपग्रहांनाच का विचारत नाही? कारण सगळ्यांच्या कक्षा मिळून किंचित वळल्या की खालची पृथ्वी किंचित वळली, हे जमिनीवरून बघणाऱ्याला ओळखता येत नाही. दोन्हीकडे अंतरं तीच भरतात. आजचा दिवस कालच्यापेक्षा किती लहान-मोठा, एवढं उपग्रह बऱ्यापैकी सांगतात. पण रोजची बारीक चूक साठत जाते आणि काही दिवसांत हिशेब भरकटतो. त्यासाठी पृथ्वी आणि उपग्रह या दोघांच्याही भांडणात नसलेला तिसरा दगड लागतो.

तो दगड म्हणजे क्वेझार. दूरच्या दीर्घिकेच्या मध्यभागी प्रचंड वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती वायू गरगरत आत पडतो आणि त्यातून निघणारे झोत रेडिओ लहरींत लखलखतात. 1963 साली खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी ‘3सी 273’ या क्वेझारचं खरं अंतर ओळखलं. तो सुमारे 2.4 अब्ज प्रकाशवर्षांवर आहे, आणि या मंडळींत तो जवळचा म्हणायचा! इतक्या लांबची वस्तू आडवी कितीही धावली तरी आपल्याला ती जागची हललेली दिसत नाही. आपल्या दीर्घिकेतले तारे मात्र हलतात. 1997 पर्यंत आकाशाची अधिकृत चौकट, म्हणजे जागा मोजायला धरलेल्या खुणांची यादी, अशाच 1,535 ताऱ्यांवर उभी होती.

एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर गावात वाद व्हायचा. क्वेझारमुळे तुमच्या आणि शेजाऱ्याच्या बांधातलं अंतर बदलत नाही. सरकाल तर दोघं बरोबर सरकाल. तसे सरकताच आहात म्हणा, भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे चाललाय. पण आज लिहून ठेवलेल्या अक्षांश-रेखांशांवरून तोच कोपरा तुमच्या नातवाला सापडायचा असेल, तर ही चौकट पक्की हवी.

प्रश्न : रेडिओ दुर्बिणीची नजर प्रकाशाच्या दुर्बिणीपेक्षा अधू असते असं आम्ही शिकलो. मग सगळ्यांत अचूक जागा तिच्याकडून कशी मिळते? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

एकटी असली तर अधूच. पण इथं चित्र काढायचंच नाही, वेळ मोजायची आहे. बव्हेरियातलं वेटझेल आणि हवाईतल्या कवाई बेटावरचं कोकी पार्क ही जोडी घ्या. दोघांत सरळ रेषेत 10,000 किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. दोन्ही अँटेना एकाच क्षणी एकाच क्वेझारकडे वळतात आणि त्याची खरखर नोंदवून ठेवतात. सूर असा काही नसतो, नुसती खरखर. प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेसर हे अणुघड्याळ असतं, ते तासाभरात जेमतेम काही पिकोसेकंद चुकतं. मग दोन्हीकडच्या नोंदी एका ठिकाणी आणून एकमेकींवर सरकवत जायचं. हे काम बॉन, वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्समधलं हेस्टॅक अशा ठिकाणी चालतं. जिथे खरखर खरखरीशी तंतोतंत जुळते, तिथे कळतं की तीच लहर दुसरीकडे किती उशिरा पोहोचली. दहा पिकोसेकंदांत प्रकाश 3 मिलिमीटर जातो, यावरून अंदाज करा. उशीर कळला की क्वेझारची दिशा आणि दोन अँटेनांमधली रेषा यांच्यातला कोन कळला. अशी हजारो निरीक्षणं एकत्र सोडवली, की क्वेझारच्या जागा, अँटेनांच्या जागा आणि पृथ्वीचं वळण असं सगळं एका गणितातून बाहेर येतं.

1967 साली ही पद्धत पहिल्यांदा जमली. आता जगभरची स्थानकं आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, चोवीस तासांची मोठी बैठक करतात. शिवाय रोज तासाभराची छोटी बैठक असते, नुसतं पृथ्वी किती वळली ते बघायला.

मध्ये अडथळे पुष्कळ. आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, लहरींना उशीर लावतं, पण वेगवेगळ्या वारंवारतेला वेगवेगळा. म्हणून 2.3 आणि 8.4 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत एकदम ऐकायचं आणि फरकावरून तो उशीर वजा करायचा. हवेतल्या बाष्पाला ही युक्ती चालत नाही. ते तासातासाला बदलतं, म्हणून अँटेना दर थोड्या मिनिटांनी आकाशाच्या वेगळ्या कोपऱ्यात, कधी डोक्यावर तर कधी क्षितिजालगत, वळवत राहतात. सूर्याचं गुरुत्वाकर्षणही हिशेबात धरावं लागतं. सूर्यापासून काटकोनात असलेल्या क्वेझारचा किरणसुद्धा विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा 3,600वा भाग) सुमारे 4 हजारांश इतका वळतो. ग्रहणात सूर्याच्या कडेचा तारा सरकलेला दिसतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. निम्मं आकाश सोडूनही तो परिणाम सुटत नाही, हे मला कळलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून चहा घेतला.

पण मला या सगळ्यात जास्त आवडतं ते काम आमच्या धंद्यातलं आहे. अँटेना हे केवढं तरी लोखंडी धूड. मग तिची ‘जागा’ म्हणजे नेमका कुठला बिंदू? जिथे तिचे दोन आस, आडवा फिरवणारा आणि वर-खाली करणारा, एकमेकांना भेटतात तो. तो बिंदू हवेत किंवा यंत्राच्या पोटात असतो. त्यावर ना खिळा ठोकता येत, ना प्रिझम ठेवता येत. तेव्हा मोजणीदार सिमेंटच्या खांबांवर टोटल स्टेशन लावतात, थाळीच्या अंगावर प्रिझम (टोटल स्टेशनचा किरण परत पाठवणारी काच) बसवतात, आणि थाळी थोडी थोडी वळवत दर वळणाला त्या प्रिझमची जागा घेतात. एक आस धरून फिरवलं की वर्तुळाचा एक कंस मिळतो, दुसरा आस धरून दुसरा. कंसांवरून वर्तुळांचे मध्य काढायचे, मध्यांवरून आस, आणि आसांवरून तो न दिसणारा बिंदू. तिथून पन्नास-शंभर मीटरवरच्या जीपीएस खांबापर्यंतचं माप मिलिमीटरात द्यायचं. क्वेझार आणि उपग्रह यांची गाठ जमिनीवर पडते ती या टेपभर अंतरात. थाळी उन्हानं फुगते, स्वतःच्या वजनानं वाकते, त्याचेही तक्ते ठेवावे लागतात. अब्जावधी प्रकाशवर्षांच्या गप्पा शेवटी कुणीतरी उन्हात उभं राहून भिंगात बघतो तेव्हाच पुऱ्या होतात.

प्रश्न : विश्वात काहीच स्थिर नाही असं विज्ञान सांगतं. मग ‘पक्की चौकट’ हा तुमचा दावा श्रद्धेसारखाच नाही का? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

गुरुजी, दगड पक्का आहे असं मी म्हणत नाही. दगड तपासलेला आहे, असं म्हणतो.

आंतरराष्ट्रीय खगोल संघानं 1997 मध्ये क्योटोला क्वेझारवर आधारलेली चौकट मंजूर केली आणि 1 जानेवारी 1998 पासून ती लागू झाली. त्यात 608 स्रोत होते, पण चौकटीचा भार त्यातल्या 212 वरच दिला होता. पुढची आवृत्ती 2010 पासून, 295 वर. सध्याची तिसरी, 2018 मध्ये व्हिएन्नाला मंजूर झालेली, 1 जानेवारी 2019 पासून चालू आहे. यादीत 4,536 स्रोत, भार 303 वर. यातल्या उत्तम स्रोतांची जागा विकलेच्या दहा लाख भागांतल्या 30 भागांपर्यंत ठरलीय. पृथ्वीच्या केंद्रातून बघितलं तर हा कोन पृष्ठभागावर एक मिलिमीटरही भरत नाही.

चार हजारांवर स्रोत असताना भार तीनशेंवरच का, तर बाकीचे थोडेफार खोडकर आहेत. क्वेझारमधून झोत निघतो, झोतात गाठी तयार होतात, गाठी बाहेर सरकतात, उजळतात, विझतात. अँटेनाला मात्र या सगळ्याचा मिळून एकच ठिपका कळतो, आणि तो ठिपका झोताच्या दिशेनं सरकल्यासारखा दिसतो. ‘4सी 39.25’ हा त्यातला नामचीन. ठळक आहे, म्हणून पूर्वी सगळ्यांनी त्याच्यावर भरवसा टाकला, आणि त्याच्याच पोटातली एक गाठ चालताना सापडली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी असे 39 स्रोत बाजूला काढून त्यांची जागा स्थिर न धरता गणित करावं लागलं. शिवाय वेगवेगळ्या वारंवारतेला झोताचं टोक वेगळ्या जागी दिसतं, म्हणून तिसरी आवृत्ती 8.4, 24 आणि 32 गिगाहर्ट्झ अशी तीनदा मोजलीय.

आणि आपणही हलतो. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतोय. त्याची दिशा सावकाश बदलते, त्यामुळे सगळेच क्वेझार केंद्राच्या बाजूला वर्षाला विकलेच्या जास्तीत जास्त 5.8 दशलक्षांश इतके सरकताना दिसतात. तिसऱ्या आवृत्तीत ही दुरुस्ती पहिल्यांदा घातली गेली, म्हणून आता या जागांनाही तारीख आहे: 2015 सालच्या सुरुवातीच्या जागा.

याहून मोठी काळजी दक्षिणेची. बहुतेक अँटेना उत्तर गोलार्धात, त्यामुळे दक्षिणेकडचं आकाश विरळ मोजलं गेलंय. दक्षिण आफ्रिकेतलं हार्टेबीस्टहुक घ्या. नासानं 1961 मध्ये अंतराळयानांसाठी बांधलेली 26 मीटरची ती थाळी. सगळ्या आफ्रिका खंडात हे काम करणारी बराच काळ ती एकटीच. 2008 मध्ये तिच्या मुख्य आसाचं बेअरिंग गेलं आणि 2010 पर्यंत ती जागची हलली नाही. आकाशाच्या चौकटीची एक बाजू अशी एका बेअरिंगवर टेकलेली असते. यात श्रद्धा कमी आणि ग्रीस जास्त लागतं, गुरुजी.

प्रश्न : गाया यानानं तर 1.8 अब्ज तारे मोजले. मग आता रेडिओचा खटाटोप हवाच कशाला? (ठाणे)

गाया या युरोपच्या अवकाश दुर्बिणीची मोजणी अफाटच, आणि 2022 पासून दृश्य प्रकाशातली अधिकृत चौकट तीच आहे. पण तिचे अक्ष रेडिओच्या क्वेझारांशी जुळवूनच लावलेत. दुसरं म्हणजे गाया अवकाशात होती. पृथ्वी किती वळली हे तिला कळायचं कारणच नव्हतं. आणि 2025 च्या जानेवारीत तिनं काम थांबवलंही. वेटझेलची थाळी आजही वळतेय.

प्रश्न : आमच्या खोडदची जीएमआरटी यात भाग घेते का? (जुन्नर)

या कामात नाही. जीएमआरटी ही खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. 45 मीटरच्या 30 थाळ्या, पण पसरल्यात 25 किलोमीटरमध्ये, आणि ऐकतात साधारण 1.4 गिगाहर्ट्झच्या खाली. तिचा जन्मच कमी वारंवारतेसाठी आहे. एवढ्या पसाऱ्यातून तिची नजर दोन-एक विकलांपर्यंत जाते. वर सांगितलेल्या कामाला दहा हजार किलोमीटर लागतात. उलट नातं मात्र आहे. खोडदला कुठलंही निरीक्षण चालू असलं तरी मधूनमधून थाळ्या एखाद्या ठाऊक जागेच्या ठळक स्रोताकडे वळवून घेतात आणि यंत्रणा लावून घेतात. मोजणी चालू असताना आम्ही वारंवार मागच्या खुणेवर नजर टाकून येतो, तसंच. त्या खुणा लांब पल्ल्याच्या मोजणीतून आलेल्या असतात.

भारताचा याहून जुना धागा उटीला सापडतो. तिथली 530 मीटर लांबीची दुर्बीण 1970 पासून चालू आहे, गोविंद स्वरूपांनी उभारलेली. चंद्र सरकत एखाद्या रेडिओ स्रोताच्या आड गेला की लहर नेमकी कोणत्या क्षणी तुटते ते तिथे टिपायचे. चंद्राची कड त्या क्षणी कुठे होती ते ठाऊक असतंच, त्यावरून स्रोताची जागा निघते. याच युक्तीनं 1962 मध्ये ऑस्ट्रेलियात पार्क्सला ‘3सी 273’ची जागा पकडली होती. ती नोंद पुढच्या पत्रात उपयोगी पडणार आहे.

प्रश्न : आमच्या घरी टिळक पंचांग, शेजारी दाते. संक्रांत आमची आधी येते, अधिक मासही कधी कधी वेगळा. क्वेझारांच्या आधारे एकदाचा निकाल लागेल का? (देवगड)

तुमच्या पत्रानं मजा आणली. निकाल लागणार नाही, का ते सांगतो.

दोन्ही पंचांगांत ग्रह आकाशात त्याच जागी आहेत. भांडण आहे ते मोजायला सुरुवात कुठून करायची याचं. केरूनाना छत्रे आणि त्यांच्यामागून लोकमान्यांनी रेवतीचा एक अंधुक तारा आरंभाला धरला. दुसऱ्या पक्षानं चित्रेचा ठळक तारा घेऊन तिच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभाला धरला. वेंकटेश बापूजी केतकर या पक्षाचे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनंही साधारण तेच घेतलं आणि 21 मार्च 1956 चं अयनांश (वसंतसंपातापासून या आरंभापर्यंतचं अंतर) 23 अंश 15 कला धरलं. दोन आरंभांत सुमारे 4 अंशांचा फरक. सूर्य दिवसाला साधारण एक अंश जातो, म्हणून तुमची संक्रांत सुमारे 4 दिवस आधी. संक्रांत सरकली की एखाद्या वर्षी अधिक मास सरकतो.

क्वेझार काय सांगू शकतात? चित्रा स्वतः दरवर्षी सुमारे 0.05 विकला सरकते, हजार वर्षांत जवळजवळ एक कला; रेवतीचा ताराही सरकतो. म्हणजे दोन्ही दगड चालते आहेत, आणि किती चालले ते आता बिनचूक सांगता येतं. पण आरंभ कुठे धरायचा हे कुठलीच अँटेना सांगत नाही. खुद्द क्वेझारांच्या चौकटीलाही ते ठरवूनच घ्यावं लागलं. रेडिओच्या मोजणीत क्वेझारांमधले कोन सुरेख मिळतात, शून्य कुठेच लिहिलेलं नसतं. तेव्हा चंद्राआड जाताना पकडलेल्या त्या ‘3सी 273’चं विषुवांश (आकाशातलं रेखांश) 12 तास 29 मिनिटं 6.6997 सेकंद धरून बाकी यादी त्यावरून लावली. पुढच्या प्रत्येक आवृत्तीनं तो आरंभ मोडणार नाही याची काळजी घेतली. छत्रे-केतकरांचा वाद नव्या शास्त्रज्ञांनी केला नाही, एवढाच फरक. तुम्ही आपलं टिळक पंचांगच चालू ठेवा. शेजाऱ्यांच्या तिळगुळाचे चार दिवस वरकड मिळतात, त्यात नुकसान काही नाही.

प्रश्न : आजोबा, मला क्वेझार बघायचा आहे. दिसेल का? (सातवीतली वाचक, सांगली)

दिसेल बाळा, नुसत्या डोळ्यांनी मात्र नाही. या अंकात पुन्हा पुन्हा नाव आलेला ‘3सी 273’ हाच सगळ्यांत सोपा. त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा अंधुक) सुमारे 12.9 आहे, म्हणजे निदान 8 इंची दुर्बीण आणि गावाबाहेरचं काळोखं आकाश लागेल. सांगलीच्या दिव्यांतून जमणार नाही. एप्रिलमधली अमावास्येजवळची रात्र धर, दहाच्या सुमाराला कन्या रास चांगली वर आलेली असते. चित्रा ओळखायची, तिच्यावरून वर-पश्चिमेला येत पोरिमा हा तारा शोधायचा. तिथून वायव्येकडे पावणेपाच अंश. दुर्बिणीत तो साध्या बारीक ताऱ्यासारखाच दिसतो, त्यामुळे आधी त्या भागाचा तपशीलवार नकाशा छापून हाताशी ठेव आणि शेजारचे तारे एकेक करून ताडून बघ. पहिल्या रात्री हमखास चुकीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं जातं. सांगलीत-मिरजेत हौशी आकाशदर्शन करणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडे दुर्बीण असेल. बाबांना सोबत घेऊन विचार. नकाशा मिळाला नाही तर मला कळव, पोस्टानं पाठवतो.